हरकती आणि सूचना

शहराच्या कारभारावरचे पुस्तक मुंबईपासून सुरू व्हावे अशी वाचकाची अपेक्षा असते, फार तर पुण्यापासून. या प्रस्तावनेची सुरुवात मी महाडपासून करते.

४ ऑगस्ट १९२३ रोजी सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदे कौन्सिलात मंजूर झाला. सरकारी पैशातून बांधलेले किंवा सार्वजनिक संस्थांच्या ताब्यातले पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्य मानलेल्या समाजांनाही वापरू द्यावेत, असे तो सांगत होता. १९२४ साली महाडच्या नगरपालिकेने त्याला अनुसरून चवदार तळे सर्वांना खुले केले. खुले केले म्हणजे तसे इतिवृत्तात लिहिले. तळ्याभोवती सवर्णांची घरे होती, त्या घरांचा धाक होता, आणि ज्यांच्यासाठी ठराव झाला त्यांना पुढची तीन वर्षे तिथे ओंजळ भरता आली नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांबरोबर परिषदेला जमलेली माणसे मिरवणुकीने तळ्यावर गेली आणि पाणी प्यायली. नंतर गावात त्यांना मारहाण झाली, तळ्याचे ‘शुद्धीकरण’ झाले, आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव रद्द केला. तळे खासगी असल्याचा दावा काही सवर्ण रहिवाशांनी न्यायालयात लावला. तो मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १७ मार्च १९३७ रोजी निकाल आंबेडकरांच्या बाजूने लागला. नगरपालिकेच्या ठरावापासून या निकालापर्यंत तेरा वर्षे गेली.

हा प्रसंग आपण शाळेपासून सामाजिक क्रांती म्हणून शिकतो आणि ते योग्यच आहे. पण तो नगरपालिकेच्या कारभाराचाही प्रसंग आहे, हे आपल्या शहरनियोजनाच्या चर्चेत कुणी बोलत नाही. सार्वजनिक मालमत्ता, तिच्यावर स्थानिक संस्थेचा ठराव, ठरावाची अंमलबजावणी नाही, मग ज्यांचा हक्क त्यांनी स्वतः जाऊन तो वापरणे, त्यावर ठराव फिरवणे आणि शेवटी कोर्ट. आज आरक्षित मैदानासाठी, वस्तीतल्या नळासाठी किंवा फुटपाथवरच्या गाड्यासाठी जी भांडणे चालतात त्यांतले बहुतेक टप्पे महाडमध्ये होऊन गेलेले आहेत. त्याच्याही आधी, १८७६ ते १८८२ या काळात, जोतीराव फुले पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. व्हाइसरॉय लिटनच्या स्वागतासाठी हजार रुपये खर्चण्याला त्यांनी एकट्याने विरोध केला. तो पैसा गरिबांच्या शिक्षणावर जावा असे त्यांचे म्हणणे होते. अंदाजपत्रकातल्या एका ओळीवर हरकत घेणारा नगरसेवक आपल्याकडे दीडशे वर्षांपूर्वी होऊन गेला. लोकसहभाग ही परदेशातून आलेली, कार्यशाळेत शिकवायची गोष्ट आहे असे ज्यांना वाटते त्यांनी एवढे ध्यानात ठेवावे.

हे पुस्तक शहरे कशी घडतात आणि त्यात सामान्य माणसाचा हात कुठे पोचतो याविषयी आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे, की शहर आधी कागदावर बांधले जाते, आणि तो कागद तयार होत असताना त्याच्यापर्यंत कोण पोचले यावर पुढच्या वीस वर्षांत कुणाला वारा, पाणी आणि मोकळी जागा मिळणार हे ठरते. सुंदर शहर, स्मार्ट शहर, हरित शहर ही विशेषणे त्यानंतरची.

तो कागद म्हणजे विकास आराखडा. महाराष्ट्रात १९६६च्या प्रादेशिक नियोजन आणि नगररचना अधिनियमाखाली, ज्याला सगळे एमआरटीपी म्हणतात, प्रत्येक शहराने साधारण वीस वर्षांसाठी तो करायचा असतो. प्रत्यक्ष जमीन वापराची पाहणी होते, त्यावरून प्रारूप आराखडा निघतो, तो प्रसिद्ध होतो आणि ठरावीक मुदतीत लोकांकडून ‘हरकती आणि सूचना’ मागवल्या जातात. नियोजन समिती सुनावणी घेते आणि शेवटी राज्य सरकार मंजुरी देते. या मुदतीत एखाद्या भूखंडावर बाग, शाळा, मंडई किंवा दवाखाना असा शेरा पडतो किंवा पुसला जातो. या काळात आपल्या नातलगांच्या लग्नाला जाणारे आपण नकाशा बघायला जात नाही, आणि पाच वर्षांनी ‘इथे बाग होणार होती ना?’ असे एकमेकांना विचारत बसतो.

आरक्षण पडले म्हणजे बाग झाली असेही नाही. जमीन बहुधा खासगी मालकीची असते आणि ती ताब्यात घ्यायला महापालिकेला पैसे किंवा टीडीआर, म्हणजे हस्तांतरणीय विकास हक्क, द्यावा लागतो. आराखडा लागू होऊन दहा वर्षे झाली आणि जमीन घेतली नाही, तर मालक कलम १२७ खाली खरेदी सूचना देऊ शकतो. त्यानंतर ठरावीक मुदतीत जमीन घेतली नाही किंवा संपादन सुरू झाले नाही तर आरक्षण गळून पडते. कधी पैसा नसतो म्हणून संपादन होत नाही, कधी पत्र टेबलावरून हलत नाही म्हणून. मोर्चा न निघता, बातमी न येता मैदान जाते. आराखडा मंजूर झाल्यावर त्यात करायच्या ‘किरकोळ’ फेरबदलांसाठी कलम ३७ आहे. त्याची नोटीस वर्तमानपत्रात बारीक टाइपात येते. माझ्या मते शहराचा पुष्कळसा इतिहास या बारीक टाइपात लिहिला गेला आहे.

लोकांनी कागद वाचला तर काय होते हे मुंबईने २०१५ साली दाखवले. २०१४ ते २०३४ या काळाचा प्रारूप आराखडा त्या वर्षीच्या फेब्रुवारीत प्रसिद्ध झाला. रस्ते उभ्या इमारतींतून गेलेले, वारसा वास्तू नकाशावरून गायब, आरे कॉलनीत बांधकामाला वाव. लोकांनी आपापल्या गल्लीचा नकाशा उघडून चुका शोधल्या. साठ हजारांवर हरकती-सूचना गेल्या आणि एप्रिलमध्ये राज्य सरकारने आराखडा रद्द करून नव्याने तपासायला सांगितला. सुधारित प्रारूप २०१६ मध्ये आले, मंजुरी २०१८ मध्ये. नगररचनेच्या इतिहासात इतक्या मोठ्या शहराचा आराखडा लोकांनी परत पाठवल्याची उदाहरणे थोडी आहेत. हा विजय मी कमी लेखत नाही.

पण त्याच प्रक्रियेतली दुसरी गोष्ट कमी लोकांच्या लक्षात राहिली. आराखड्यासाठी जमीन वापराची पाहणी झाली तेव्हा झोपडपट्ट्यांच्या आत कुणी शिरले नाही. बहुतेक वस्त्या नकाशावर एका रंगाचा पट्टा म्हणून उमटल्या. आत किती बालवाड्या, किती संडास, किती कारखाने, चालायला वाट कुठून, याची नोंद नाही. २०११च्या जनगणनेनुसार बृहन्मुंबईची सुमारे ४१ टक्के लोकसंख्या झोपडपट्ट्यांत राहते. म्हणजे शहराच्या पुढच्या वीस वर्षांचे गणित मांडताना पाचातली दोन माणसे ज्या जमिनीवर राहतात ती न मोजताच काम पुढे गेले. वस्त्यांमधले गट, कोळीवाड्यांतली मंडळे, स्त्रियांच्या संघटना ‘हमारा शहर मुंबई’ अभियानात एकत्र आल्या, वस्तीवस्तीत बैठका झाल्या, बायकांनी आधारगृहे, नोकरदार स्त्रियांसाठी वसतिगृहे, फेरीवाल्यांसाठी जागा अशा मागण्या लिहून दिल्या. काही मान्यही झाल्या. तरी सोसायटीतल्या माणसाची हरकत ‘माझ्या इमारतीतून रस्ता गेला आहे’ अशी होती आणि वस्तीतल्या माणसाची ‘आम्ही नकाशावरच नाही’ अशी. कोऱ्या जागेवर हरकत घ्यायची कशी, असा तो प्रश्न आहे.

यावर गरिबांनी शोधलेला उपाय म्हणजे स्वतःची मोजणी स्वतः करणे. १९८१ साली मुंबईच्या पदपथांवर राहणाऱ्यांना हुसकून लावायचा सरकारी निर्णय झाला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि जुलै १९८५ मध्ये ओल्गा टेलिस खटल्याचा निकाल लागला. जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो असे न्यायालयाने मान्य केले, पण नोटीस देऊन हटवायला मुभाही दिली. निकालाचे पहिले वाक्य पाठ्यपुस्तकांत गेले, दुसरे महापालिकेच्या उपयोगी पडले. त्याच वर्षी ‘स्पार्क’ या संस्थेने भायखळ्याच्या परिसरातल्या पदपथांवरच्या बायकांबरोबर घराघराची गणती केली. कोण कुठून आले, काय काम करतात, किती वर्षांपासून राहतात. त्या अहवालाच्या शीर्षकात या लोकांनी स्वतःला ‘अदृश्य’ म्हटले आहे. गणती हातात आल्यावर बोलणी करता येतात, हे तिथल्या बायकांच्या ‘महिला मिलन’ या संघटनेने पुढच्या अनेक वर्षांत करून दाखवले.

पुण्यात हेच दुसऱ्या अंगाने घडले आणि पुढे बरेच लांब गेले. १९९३ साली बाबा आढाव यांच्या अध्यक्षतेखाली ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ स्थापन झाली. तिची सुरुवात एसएनडीटी विद्यापीठाच्या प्रौढशिक्षणाच्या कामातून झाली होती. कचरा वेचणाऱ्या बायका, त्यांतल्या बहुसंख्य दलित, पहाटे उकिरड्यावर जायच्या, पोलीस त्यांना चोर समजायचे, रहिवासी हाकलायचे. पंचायतीने आधी ओळखपत्रे मिळवली आणि नव्वदच्या दशकाच्या मध्यावर पुणे-पिंपरी चिंचवडच्या महापालिकांनी ती मान्य केली. मग हिशेब मांडला: आम्ही रोज एवढा कचरा वेचून भंगारात नेतो, तेवढा तुम्हाला उचलावा लागत नाही, त्याची वाहतूक आणि जागा वाचते, म्हणजे आम्ही महापालिकेचे काम फुकट करतो. हा युक्तिवाद दयेचा नव्हता, व्यवहाराचा होता, आणि माझ्या मते म्हणूनच तो टिकला. वैद्यकीय विम्याचा हप्ता महापालिकेने भरायला सुरुवात केली. २००० सालच्या घनकचरा नियमांनी घरोघरी कचरा गोळा करणे बंधनकारक केल्यावर ते काम कंत्राटदाराला जाणार की वेचणाऱ्यांना, हा खरा सामना होता. कचरावेचकांच्या मालकीची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था उभी राहिली आणि २००८ मध्ये महापालिकेशी तिचा करार झाला. आज तीन हजारांहून जास्त कचरावेचक त्या व्यवस्थेत दारोदार जातात. घरटी महिन्याचे शुल्क रहिवासी त्यांना थेट देतात, ओला-सुका कचरा वेगळा करून देतात, भंगाराचे पैसे वेचकांचे.

यात दोष नाहीत असे नाही. पावसाळ्यात ढकलगाडी ओढणे, वस्त्यांमधून शुल्क न मिळणे, सॅनिटरी पॅड उघड्या हाताने वेगळे करावे लागणे, हे सगळे आहे. २०१३ साली या बायकांनी वापरलेल्या पॅडची पुडकी उत्पादक कंपन्यांना परत पाठवली होती; निषेधाचा तो प्रकार आपल्या चळवळींच्या इतिहासात कुणाला सुचला नव्हता. कराराचे नूतनीकरण दर वेळी अधांतरी लोंबते आणि प्रत्येक वेळी मोठ्या गाड्यांच्या कंत्राटाची चर्चा नव्याने सुरू होते. तरीही एखाद्या शहराच्या कारभारात सर्वांत खाली मानल्या गेलेल्या माणसांनी मागणीदार न राहता भागीदार होण्याचे याहून ठसठशीत मराठी उदाहरण मला माहीत नाही.

त्याच पुण्याने २००६ साली नागरिकांच्या सहभागातून अंदाजपत्रक ही पद्धत सुरू केली. क्षेत्रीय कार्यालयात अर्ज मिळतो, आपल्या भागातले पाच लाखांपर्यंतचे काम सुचवायचे, छाननीत टिकले तर पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकात येते. कल्पना चांगली. अनुभव मात्र असा की सुचवलेल्या कामांत बाके, नामफलक, पेव्हिंग ब्लॉक आणि गतिरोधक यांची गर्दी होते. याचा दोष मी नागरिकांना देत नाही. पाच लाखांच्या चौकटीत माणूस पाच लाखांचाच विचार करणार. बसगाड्या किती घ्यायच्या, नदीकाठावर किती खर्चायचे, कुठल्या वस्तीला जलवाहिनी आधी द्यायची, हे निर्णय चौकटीच्या बाहेर ठेवून बाकाची जागा विचारणे म्हणजे जेवणाचा बेत ठरल्यावर पाहुण्याला मीठ किती ते विचारण्यासारखे आहे. अर्ज कोण भरतो हेही पाहावे. ज्याच्या घरी संगणक आहे, ज्याला ‘प्राकलन’ या शब्दाची भीती वाटत नाही आणि जो सकाळी अकराला कार्यालयात जाऊ शकतो, तो.

ही वेळेची गोष्ट क्षुल्लक नाही. आपल्याकडच्या सगळ्या सुनावण्या कामाच्या दिवशी, कामाच्या वेळेत असतात. धुणीभांडी करणाऱ्या बाईला चार घरांचे खाडे करून जावे लागते. रोजंदारीवरचा माणूस त्या दिवसाची मजुरी सोडतो. म्हणून सहभाग म्हटला की निवृत्त अधिकारी, वास्तुविशारद, स्वयंसेवी कार्यकर्ते आणि सोसायटीचे सचिव डोळ्यांपुढे येतात. या मंडळींनी मोठी कामे केली आहेत. पुण्याच्या समाविष्ट २३ गावांच्या आराखड्यात टेकड्यांवरचे ९७८ हेक्टर क्षेत्र जैवविविधता उद्यान म्हणून राखले गेले आणि २०१५ मध्ये सरकारने ते आरक्षण मान्य केले, त्यामागे मध्यमवर्गीय नागरिकांची वर्षानुवर्षांची चिकाटी आहे. या टेकड्यांवर रोज फिरायला जाणाऱ्याने त्यांचे आभार मानावेत. पण हीच मंडळी पुष्कळदा कोपऱ्यावरच्या भाजीवालीविरुद्धही अर्ज करतात. २०१४च्या पथविक्रेता कायद्याने नगर पथविक्रेता समितीत ४० टक्के जागा निवडून आलेल्या विक्रेत्यांना दिल्या आहेत. कायद्याने मेजावर खुर्ची दिली की अर्जाचा सूर बदलतो, म्हणून मी आमंत्रणापेक्षा हक्काच्या बाजूची आहे.

पाण्याचेही तसेच. मुंबईत २००० सालानंतर वसलेल्या झोपड्यांना महापालिका नळजोडणी देत नव्हती. ती दिली तर वस्ती कायदेशीर होईल असा युक्तिवाद होता. पाणी हक्क समितीने जनहित याचिका केली आणि १५ डिसेंबर २०१४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले की बेकायदा घरात राहणाऱ्यालाही पिण्याच्या पाण्याचा हक्क आहे. ‘सर्वांसाठी पाणी’ हे धोरण महापालिकेने २०२२ मध्ये आणले. साडेसात वर्षे. चवदार तळ्याच्या तेरा वर्षांशी तुलना केली तर आपण सुधारलो म्हणायचे.

एका ओळीने शहराचा नकाशा कसा बदलतो हे पाहायचे असेल तर गिरणगाव पाहावे. १९८२चा संप मोडल्यावर मध्य मुंबईत सुमारे सहाशे एकर गिरणी जमीन पडून होती. १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीतला नियम ५८ सांगत होता की जमीन विकसित करायची असेल तर ढोबळमानाने एक तृतीयांश महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी आणि उरलेली मालकाला. घामाने उभ्या राहिलेल्या जमिनीची ती वाटणी अगदीच वाईट नव्हती. २००१ मध्ये नियम बदलला: वाटणी पूर्ण जमिनीची करायची नाही, जिथे बांधकाम नाही तेवढ्या मोकळ्या भागाचीच करायची. गिरण्यांच्या आवारात शेड आणि गोदामे दाटीने होती, मोकळे ते किती असणार? सार्वजनिक वाटा कितीतरी पटींनी घटला. उच्च न्यायालयाने २००५ मध्ये याविरुद्ध निकाल दिला, सर्वोच्च न्यायालयाने मार्च २००६ मध्ये तो निकाल फिरवून नियमातला बदल कायम ठेवला. आज लोअर परळला गाडी थांबली की पुलावर जी घुसमट होते, तिचे एक कारण त्या बदललेल्या ओळीत आहे. तो बदल होताना गिरणी कामगार पेन्शन आणि थकबाकीसाठी रांगेत उभा होता, मुंबईकर आपल्या कामात होता आणि नियमाचा मसुदा वाचणारे मोजके होते. त्यांनीच कोर्टात धाव घेतली आणि ते हरले. वाचले म्हणजे जिंकलेच असे नसते. हेही या पुस्तकाच्या वाचकाला आधीच सांगून ठेवते.

झोपडपट्टी पुनर्वसन योजना १९९५ची. तिच्यात सहभागाचे माप म्हणजे सहमतीपत्रावरची सही. पूर्वी ७० टक्के झोपडीधारकांची संमती लागे, पुढे ती ५१ टक्क्यांवर आणली गेली. घर आता ३०० चौरस फुटांचे मिळते आणि ते मिळणे लहान गोष्ट नाही. जिच्या घरात पहिल्यांदा आतल्या आत संडास आला त्या बाईपुढे मी नियोजनाचे तत्त्वज्ञान बोलणार नाही. पण सही फक्त घराच्या क्षेत्रफळावर होते. दोन इमारतींत अंतर किती, खालच्या मजल्यावर ऊन पोचेल का, मुलांनी खेळायचे कुठे, हे सहमतीपत्रात नसते. गोवंडी-मानखुर्दच्या लल्लुभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड आणि पीएमजीपी कॉलनी या पुनर्वसन वसाहतींमध्ये ‘डॉक्टर्स फॉर यू’ संस्थेने केलेला अभ्यास २०१८च्या सुमारास प्रसिद्ध झाला. इमारती एकमेकींना इतक्या खेटून, की खालच्या मजल्यांवर ऊन-वारा पोचत नाही, आणि याचा क्षयरोगाशी थेट संबंध त्या अभ्यासात दिसला. इमारतींमधले अंतर सवलत म्हणून कमी करणारा नियम कुणीतरी लिहिला होता. त्यावरही हरकती मागवल्या गेल्या असणार. ज्यांच्या फुप्फुसांचा प्रश्न होता त्यांच्यापैकी कुणी ती जाहिरात वाचली असेल असे मला वाटत नाही.

गोव्याचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. २००६ साली तिथे ‘प्रादेशिक आराखडा २०११’ अधिसूचित झाला आणि शेती, डोंगर, किनारा यांचे मोठे पट्टे वसाहतींसाठी मोकळे झाल्याचे लोकांच्या ध्यानात आले. गोवा बचाव अभियान उभे राहिले, पणजीच्या आझाद मैदानावर डिसेंबरात सभा झाली आणि २००७च्या सुरुवातीला सरकारने आराखडा मागे घेतला. त्यानंतरच्या २०२१च्या आराखड्यासाठी मसुदे गावोगावच्या पंचायतींकडे गेले. गावकऱ्यांनी स्वतःचे झरे, खाजन, देवराया नकाशावर दाखवल्या. पुढे तो आराखडाही रखडला, आणि तिथल्या नगरनियोजन कायद्यात कलम १७(२) घालून एकेका भूखंडाचा झोन बदलण्याची वाट काढली गेली. मार्च २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने त्याचे नियम रद्द केले. म्हणजे समोरच्या दाराने मागे घेतलेले मागच्या दाराने आत येते. गोव्यातले कार्यकर्ते आता दोन्ही दारांवर बसतात.

मग निवडून दिलेल्या लोकांचे काय? १९९२च्या ७४व्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांना घटनेत स्थान दिले, बारावी अनुसूची जोडून १८ विषय सांगितले, तीन लाखांवरच्या शहरांत प्रभाग समित्या आणल्या. महाराष्ट्रात प्रभाग समिती म्हणजे मुख्यतः नगरसेवकांची बैठक. मतदान केंद्राच्या पातळीवर नागरिकांची क्षेत्रसभा घेण्याची तरतूद २००९ मध्ये कायद्यात आली. ग्रामसभा जशी कुठल्याही खेड्यातल्या माणसाला माहीत असते तशी ही क्षेत्रसभा शहरातल्या शंभरातल्या एकाला तरी ठाऊक आहे का, हे वाचकाने स्वतःच्या इमारतीत विचारून पाहावे. कार्यकारी अधिकार आयुक्तांकडे आणि आयुक्त राज्य सरकारचे. महापौरांच्या गाडीवर दिवा होता तेव्हाही अधिकार नव्हता. त्यात पुण्यासारख्या शहरात चार सदस्यांचा प्रभाग. पाऊण लाखाहून जास्त वस्तीला चार नगरसेवक आणि चौघांपैकी कुणाचे काय काम, याचे उत्तर चौघेही एकमेकांकडे बोट दाखवून देतात.

आणि मार्च २०२२ पासून तेही नव्हते. मुंबई, पुण्यासह बहुतेक महापालिकांची मुदत संपली, आरक्षण आणि प्रभागरचनेच्या वादात निवडणुका अडकल्या आणि प्रशासक बसले. मुंबई महापालिकेचे २०२५-२६चे अंदाजपत्रक ७४ हजार कोटींहून मोठे होते. ते एकाही नगरसेवकाच्या मताशिवाय मंजूर झाले. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये निवडणुका घ्यायला सांगितल्या आणि जानेवारी २०२६ मध्ये राज्यातल्या २९ महापालिकांसाठी मतदान झाले. या मधल्या काळात ‘नगरसेवक नाहीत तर कामे बरी होतात’ असे बोलणारे सुशिक्षित लोक मला पुष्कळ भेटले. रस्ते काँक्रीटचे झाले हे खरे. पण कुठला रस्ता आधी, हे कुणी विचारले नाही हेही खरे, आणि मला त्या बोलण्याची काळजी खड्ड्यांपेक्षा जास्त वाटते. नगरसेवक वाईट असला तर त्याला पाच वर्षांनी पाडता येते. प्रशासकाची बदली होते.

पुढच्या प्रकरणांत वाचकाला आराखड्याचा नकाशा कसा वाचावा, अंदाजपत्रकातले शीर्ष कसे शोधावे, माहितीचा अर्ज कसा लिहावा, प्रभाग समितीत काय विचारावे हे सविस्तर मिळेल. ही प्रकरणे कंटाळवाणी वाटली तर तो विषयाचा गुण समजावा. शहराचे बरेवाईट ठरवणारे कागद कंटाळवाणेच असतात, आणि ते तसे राहण्यात काहींचा फायदा असतो. क्रमाने वाचायची गरज नाही. आपल्या घरासमोरचा प्रश्न ज्या प्रकरणात आहे तिथून सुरुवात करावी.

एक विनंती आहे. पुस्तक मिटल्यावर आपल्या भागाचा मंजूर आराखडा महापालिकेच्या संकेतस्थळावरून किंवा नगररचना विभागातून मिळवा. पायी अर्ध्या तासात जाता येईल एवढ्या परिसरातली आरक्षणे त्यावर शोधा, प्रत्यक्ष जागेवर जाऊन काय आहे ते पाहा, आणि दहा वर्षांची मुदत कुठली कधी भरते ते लिहून काढा. ही यादी सोसायटीच्या फलकावर लावा, तशीच शेजारच्या वस्तीतल्या मंडळाकडेही द्या. त्यांची यादी वेगळी असेल, ती मागून घ्या. पुढच्या सुनावणीची तारीख निघेल तेव्हा दोन्ही याद्या एका अर्जात घाला, आणि सुनावणी संध्याकाळी सहानंतर किंवा रविवारी ठेवावी अशी मागणी त्या अर्जाच्या पहिल्या परिच्छेदात करा.